फोटोमागची गोष्ट



आपल्या घरात एखादा तरी फोटो असतोच. कुणाच्या भिंतीवर लग्नाचा फोटो असतो. कुणाच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, आजोबांचा फोटो जपून ठेवलेला असतो. आता तर घरोघरी मोबाईल आला आहे. बारसे असो, पोळा असो, नाहीतर विहिरीला लागलेले पाणी असो, लगेच फोटो निघतो.

फोटो पाहिला की चेहरा दिसतो. अंगावरचे कपडे दिसतात. मागचे झाड दिसते, घर दिसते. पण त्या माणसाचे नाव काय? तो कुणाचा कोण? तो दिवस कोणता? हे फोटो सांगत नाही. फोटो मुका असतो, बरे का! त्याला बोलते करायचे काम माणसाचे आहे.

ते काम कसे करावे, हे आपण या धड्यात पाहू. त्यासाठी आम्ही काही फोटोंच्या खऱ्या गोष्टी सांगणार आहोत.

हौशी म्हणजे कोण?

बाजारपेठेत ज्याचे फोटोचे दुकान असते, तो पोटासाठी फोटो काढतो. तो त्याचा धंदा आहे. पण काही माणसे नुसत्या आवडीसाठी फोटो काढतात. त्यांना हौशी म्हणायचे. भजनी मंडळातला टाळकरी काही पैशासाठी टाळ वाजवीत नाही. तसेच हे.

फोटो काढण्याची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली, फ्रान्स देशात. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत हौशी लोकांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे. त्यात साहेब लोक होते, तसे आपलेही लोक होते. प्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे दोघेही त्यात होते. नारायण दाजी स्वतः चांगले फोटो काढीत. मंडळाचे सभासद एकत्र जमत. आपापली चित्रे एकमेकांना दाखवीत. त्यावर बोलत.

त्या काळी हे काम सोपे नव्हते. मोठी लाकडी पेटी, तीन पायांची घोडी, काचा, औषधे असा सारा पसारा लागे. समोरच्या माणसाला न हलता बसावे लागे. तो हलला की चित्र पुसट येई.

पुढे अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन नावाच्या गृहस्थाने १८८८ साली कोडॅक नावाचा लहान कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटो निघत. ते संपले की सगळा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. कारखाना फोटो छापून देई आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून परत पाठवी. १९०० साली त्याच कंपनीने ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला. त्याची किंमत होती एक डॉलर. तेव्हापासून साध्या माणसाच्या हातात कॅमेरा आला. गृहिणी, कारकून, विद्यार्थी असे सगळेच फोटो काढू लागले.

सेवाग्रामचा कनू

आता आपल्या वर्धा जिल्ह्यात येऊ. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे महात्मा गांधी १९३६ सालापासून राहू लागले. त्यांच्या आश्रमात कनू गांधी नावाचा एक तरुण होता. गांधीजींच्या चुलत पुतण्याचा तो मुलगा. आश्रमातला हिशेब आणि पत्रव्यवहार यांत तो मदत करी.

विनोबा भाव्यांचे भाऊ शिवाजीराव यांनी कनूला सुचविले, की आश्रमातल्या जीवनाचे फोटो काढ. कनूच्या मनात ते भरले. पण कॅमेऱ्याला पैसे कोठून आणायचे? आश्रमाचा पैसा अशा कामाला मिळणार नव्हता. शेवटी उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी कनूला १०० रुपये दिले. त्यातून त्याने कॅमेरा आणि फिल्म घेतली.

गांधीजींनी त्याला तीन अटी घातल्या. पहिली अट, फोटो काढताना झगझगीत दिवा लावायचा नाही. दुसरी अट, "असे बसा, इकडे बघा" म्हणून मला सांगायचे नाही. तिसरी अट, आश्रम यासाठी खर्च करणार नाही.

आता या अटी मनात ठेवून कनू गांधींचे फोटो पाहा. काही फोटो अंधुक आहेत. असे का, म्हणाल? झोपडीत उजेड थोडा आणि दिवा लावायची बंदी! पुष्कळ फोटोंत गांधीजी आपल्याकडे पाहत नाहीत. ते लिहीत आहेत, चालत आहेत, कुणाशी बोलत आहेत. कारण "इकडे बघा" म्हणायची सोयच नव्हती. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो म्हणेल, "फोटो काही नीट आला नाही." ज्याला ठाऊक आहे, तो म्हणेल, "अहो, हे तर गांधीजी खरोखर जसे असत तसे!" फोटो तोच. पण गोष्ट कळली की पाहणाऱ्याची नजर बदलते.

इथे आणखी एक गंमत सांगतो. गांधीजींचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. समुद्राच्या वाळूत एक लहान मुलगा त्यांच्या काठीचे एक टोक धरून पुढे चालला आहे आणि मागून गांधीजी येत आहेत. हा फोटो १९३७ च्या सुमाराचा, मुंबईच्या जुहू किनाऱ्यावरचा. त्या मुलाचे नावही कनू गांधीच! पण हा कनू वेगळा. हा गांधीजींचे चिरंजीव रामदास यांचा मुलगा, म्हणजे गांधीजींचा सख्खा नातू. कॅमेरावाला कनू वेगळा आणि काठीवाला कनू वेगळा. म्हणून नुसते नाव लिहून भागत नाही. कुणाचा कोण, हेही लिहावे. एका गावात एकाच नावाची चार माणसे असतात, हे आपल्याला काय सांगायला हवे?

दोर कुणी धरला?

आता एका गृहिणीची गोष्ट ऐका. तिचे नाव व्हर्जिनिया शाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. ३ मे १९५३ रोजी तेथे ती नवऱ्याबरोबर मोटारीने मासे धरायला चालली होती. रेडिंग गावाजवळ एक उंच पूल लागला. त्या पुलावर एका मालमोटारीचा ताबा सुटला. कठडा तोडून तिचा पुढचा भाग पुलाबाहेर गेला आणि खाली लोंबकळू लागला. आत दोन माणसे अडकली होती.

व्हर्जिनियाचा नवरा वॉल्टर धावला. दुसरे वाटसरूही धावले. त्यांनी दोर सोडला. आतल्या दोघांनाही वर ओढून घेतले. त्यानंतर तो लोंबता भाग पेटला आणि खाली कोसळला.

व्हर्जिनियाजवळ साधा ब्राउनी कॅमेरा होता. आतली फिल्म जुनी होती आणि दोनच फोटो शिल्लक होते. ती पळत जाऊन समोर नीट दिसेल अशा जागी उभी राहिली. एक माणूस दोराला धरून वर येतो आहे, तेवढ्यात तिने फोटो काढला. हा फोटो वर्तमानपत्रांत आला. १९५४ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वर्तमानपत्री कामासाठी अमेरिकेत हे मोठ्या मानाचे पारितोषिक समजतात. फोटोसाठी ते मिळविणारी ती पहिली स्त्री.

फोटो पाहणाऱ्याला लोंबती मोटार दिसते, दोर दिसतो, जीव मुठीत धरलेला माणूस दिसतो. पण दोर सोडणाऱ्यांत फोटो काढणारीचा नवरा होता, हे फोटो सांगत नाही. तो धावला नसता तर हा फोटो असा झाला असता का? जे फोटोत आले नाही, तेही गोष्टीत सांगायचे असते ते यासाठी.

यात एक धडा आणखी आहे. अशा वेळी सगळ्यांनीच कॅमेरा काढला तर दोर कोण धरणार? हाताची गरज असेल तिथे आधी हात द्यावा. फोटो मागाहून.

नाव न विचारलेली आई

तिसरी गोष्ट हौशी माणसाची नाही. पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९३६ साली अमेरिकेत फार मंदी होती. गरीब कुटुंबे मजुरीसाठी गावोगाव फिरत. आपल्याकडे ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात ना, तशीच. त्याच कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाणा तोडायला मजूर आले होते. थंडीने वाटाणा करपला. काम गेले. लोक उपाशी पडले.

डोरोथिया लँग नावाच्या बाई सरकारी कामासाठी फोटो काढीत फिरत होत्या. त्यांना तेथे एका फाटक्या तंबूत एक आई दिसली. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन मुले तोंड लपवून टेकली होती आणि मांडीवर तान्हे मूल होते. लँगबाईंनी तिचे फोटो काढले. वय विचारले. ते होते ३२. नाव मात्र विचारले नाही.

फोटो वर्तमानपत्रांतून झळकला. लोक कळवळले. सरकारने त्या मजुरांसाठी सुमारे ९००० किलो अन्न पाठविले. पण तोवर ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. तिला त्यातला घासही मिळाला नाही.

तो फोटो जगभर गेला. पुस्तकांत छापला गेला. पण त्या बाईचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. १९७८ साली तिने स्वतः एका वर्तमानपत्राला कळविले, तेव्हा जगाला कळले, की तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्प्सन. म्हणजे ४२ वर्षे तिचा चेहरा साऱ्या जगाला माहीत होता आणि नाव कुणालाही माहीत नव्हते! लँगबाई तर १९६५ सालीच वारल्या. त्यांना ते कधी कळलेच नाही.

शिवाय गोष्टीत चूकही शिरली. त्या कुटुंबाने पोटासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँगबाईंनी लिहिले होते. मोठेपणी त्या बाईचा मुलगा म्हणाला, "आमच्याजवळ विकायला टायर होतेच कुठे?" तेव्हा गोष्ट सांगायची ती नीट विचारून सांगावी. ज्याचा फोटो, त्याच्या तोंडून ऐकावी. आपल्या पदरचे घालू नये.

तिघींची नावे

आता याच्या उलट पाहा. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज होते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी तेथे एक फोटो काढला गेला. त्यात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. लुगडे नेसलेल्या आपल्या आनंदीबाई. किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी. तिसऱ्या सीरिया देशातील दमास्कस शहराच्या साबात इस्लामबुली.

एवढे आपल्याला कसे कळले? फोटोखाली कुणीतरी तिघींची नावे आणि गावे लिहून ठेवली म्हणून! लिहिणाऱ्याच्या हातून अक्षरांच्या काही चुका झाल्या आहेत. तरी काही बिघडले नाही. आनंदीबाई १८८७ साली पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पण आज इतक्या वर्षांनी आपण बोट ठेवून म्हणू शकतो, की या आमच्या आनंदीबाई आणि या त्यांच्या मैत्रिणी. एका ओळीने हे काम केले.

आमच्या वर्गातली एक संध्याकाळ

हे सारे ध्यानात घेऊन आम्ही आमच्या प्रौढ वर्गात एक बेत केला. एका संध्याकाळी प्रत्येकाने घरातला एक फोटो आणायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. तरुण मंडळींनी मोबाईलवर स्वतः काढलेले फोटो आणले. एकाने आपल्या पहिल्या कांद्याच्या चाळीचा फोटो दाखविला आणि चाळ भरली त्याच आठवड्यात भाव कसा पडला, ते सांगितले. एकीने सासूबाईंचा फोटो दाखविला. सासूबाई चुलीपुढे बसून हसत होत्या. ती म्हणाली, "त्या कधी फोटो काढू देत नसत. त्या दिवशी नातू त्यांच्या मागे लपला होता. त्याला शोधताना हसल्या, तेवढ्यात मी काढला."

मग एक मावशी उठल्या. त्यांच्याजवळ जुना काळा-पांढरा फोटो होता. जत्रेत काढलेला. मागे रंगविलेला पडदा आणि पुढे दोन तरणी पोरे. मावशी म्हणाल्या, "ह्यो डावीकडचा माझा थोरला भाऊ. बहात्तरचा दुष्काळ पडला. शेतात काही नव्हतं. दोघं दोस्त मुंबईला गिरणीत जायला निघाले. जायच्या आधी जत्रेत फोटो काढला. पैसे दोघांनी निम्मे निम्मे भरले. फोटो आमच्या घरी राहिला. दोस्ताचं नाव काही मला आठवत न्हाई. मी तवा लहान होते."

फोटो हातोहात फिरू लागला. तो कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग कंदील जवळ मागितला, कारण नेमकी वीज गेली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "हा आमचा दादा. मुंबईला गेला तो तिकडंच वारला. आमच्या घरात त्याचा एकबी फोटो न्हाई."

वर्गात सगळे गप्प झाले. फोटो पन्नास वर्षे मावशींच्या पेटीत होता. दोन घरांत अंतर किती? एका गल्लीचे! पण फोटोची गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती, म्हणून एका घराला आपला माणूस दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने त्या फोटोवरून दुसरा फोटो करून आणला आणि त्या गृहस्थांना दिला. मावशींनी आपल्या हाताने मूळ फोटोच्या मागे दोन्ही नावे लिहिली. एका नावाची वेलांटी चुकली होती. ती आम्ही तशीच राहू दिली. नाव वाचता येते, तेवढे पुरे आहे.

काय लिहावे? कसे लिहावे?

फोटोबद्दल पाच गोष्टी लिहाव्यात.

१. फोटोत कोण कोण आहे? डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. कुणाचा कोण, तेही लिहावे.
२. फोटो कोठे काढला?
३. केव्हा काढला? तारीख माहीत नसेल तर खूण लिहावी. "दुष्काळाच्या वर्षी", "धाकटीच्या लग्नात" असे लिहिले तरी चालते.
४. कुणी काढला? काढणारा फोटोत दिसत नाही. म्हणून त्याचे नाव आधी विसरले जाते.
५. फोटोत जे दिसत नाही ते काय? त्या दिवशी काय घडले होते?

जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतात. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. अशा वेळी चिठ्ठी लिहावी आणि फोटो व चिठ्ठी एकाच पाकिटात ठेवावी. फोटोला ओल लागू देऊ नये. भिंतीवरच्या फोटोवर सतत ऊन पडू देऊ नये. उन्हाने चित्र फिकट होते.

मोबाईलमध्ये फोटो शेकड्यांनी असतात. पण मोबाईल पाण्यात पडला, हरवला किंवा बिघडला, की सगळे एकदम जाऊ शकतात. म्हणून वर्षातून चार-पाच महत्त्वाचे फोटो निवडावेत. ते छापून घ्यावेत. मागे पाच गोष्टी लिहाव्यात. एक प्रत नात्यातल्या दुसऱ्या घरी ठेवावी.

विचारल्याशिवाय नको

फोटो काढण्यापूर्वी विचारावे. गोष्ट चारचौघांत सांगण्यापूर्वीही विचारावे. कुणाचे दुःख, कुणाची गरिबी ही तमाशा करण्याची वस्तू नव्हे. कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्या वारल्या. शेवटच्या घटकेला त्यांनी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवले होते. कनू गांधी तेथेच होता. पण गांधीजींनी त्याला फोटो काढू दिला नाही. कनूने ते मानले. काही क्षण कॅमेऱ्यासाठी नसतात. ते फक्त त्या माणसांचे असतात.

आजच करा

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. ही विद्या अर्जावर सही करण्यापुरती नाही. तुमच्या घरात आज एखादी आजी, एखादे आजोबा असतील. जुन्या फोटोतली नावे त्यांनाच ठाऊक असतील. ती माणसे गेली की नावेही गेली. मग फोटोत उरतील ते नुसते चेहरे. नातवंडे विचारतील, "हे कोण?" आणि घरात कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून आज संध्याकाळी पेटी उघडा. फोटो घेऊन आजीजवळ बसा. ती सांगेल, तुम्ही लिहा.

प्रश्न

१. कनू गांधींना कोणत्या तीन अटी पाळाव्या लागल्या?
२. काठीवाला कनू आणि कॅमेरावाला कनू यांचे गांधीजींशी नाते काय?
३. व्हर्जिनिया शाऊ यांच्या फोटोतून कोणती गोष्ट कळत नाही?
४. फ्लॉरेन्स थॉम्प्सन यांचे नाव जगाला किती वर्षांनी कळले?
५. आनंदीबाईंच्या मैत्रिणींची नावे आपल्याला कशी कळली?

करून पाहा

घरातला एक फोटो घ्या. वर सांगितलेल्या पाच गोष्टी वहीत लिहा. जे माहीत नसेल ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पुढच्या वर्गाला फोटो आणि वही घेऊन या. सर्वांपुढे मोठ्याने वाचून दाखवा.